गाळलेली यादी

माझ्या कार्यशाळेचा फलक औंधच्या एसटी स्टँडवर लावला होता. 'तुमच्या मनातली गोष्ट कागदावर आणा. कथा-कादंबरी लेखन कार्यशाळा, सहा रविवार.' वाक्य माझंच. ते कुणी अक्षरशः खरं मानेल असं मला कधी वाटलं नव्हतं. लोक येतात ते प्रमाणपत्रासाठी, नाहीतर निवृत्तीनंतर दिवस खायला उठतो म्हणून. कोंडीबा खरोखरच गोष्ट कागदावर आणायला आला, आणि मी तिची माती केली. ते कसं झालं ते सांगतो.

माझं नाव उदयसिंह. लोणंदच्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गावी, औंधला येऊन राहिलो. स्वतःचा एक कथासंग्रह काढला होता, त्याच्या प्रती अजून माझ्या पलंगाखाली आहेत. शाळेत मुलं मला लाल पेन म्हणायची. निबंधात एक शब्द जास्त दिसला की माझ्या डोक्यात तिडीक जायची. कार्यशाळेसाठी मी 'लेखनाची आठ सूत्रं' छापून घेतली होती. तिसरं सूत्र, पुनरुक्ती टाळा. पाचवं, याद्या गाळा. ही दोन तर मी दर रविवारी फळ्यावरही लिहायचो.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला पहिला रविवार. यमाईच्या डोंगराखालच्या शाळेतला एक वर्ग मला मिळाला होता. अकरा जण बसले होते, माझं बोलणं रंगात आलं होतं, आणि अर्ध्या तासानं दारात हा माणूस उभा. सत्तरी ओलांडलेला, काटक, डोक्याला तांबडं मुंडासं, आणि उन्हातसुद्धा गळ्याला मफलर. मागे तिशीतली एक बाई, हातात कोरी वही.

“आवं सर, गोष्ट कागदावं आनून देत्यात ते हितंच नव्हं?” आवाज घोगरा होता आणि मधेच तुटत होता.

“उशीर झालाय,” मी म्हणालो.

“दोन एष्ट्या बदलून आलो, सर,” ती बाई म्हणाली. ती त्याची सून, माया. म्हसवडच्या पुढे माळावर त्यांची धनगरांची वस्ती. तिचा नवरा रविराज गलाईच्या कामाला कोइमतूरला होता, म्हणजे सोनं-चांदी आटवण्याच्या दुकानात. कोंडीबाची बायको कधीच वारलेली. म्हाताऱ्याचं सगळं मायाच बघायची.

मायानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. “आबांच्या घशात गाठ हाय. मिरजंला आप्रेशन हाय, आवाजाची पेटीच काढनार हायती. योजनंचं कागद मंजूर झालं की बोलावनार. चार आठवडं लागत्याल म्हनालं. तवर गोष्ट उतरून झाली पायजे.”

मी पुढच्या बाकावरच्या दोघांना उठवून त्यांना जागा करून दिली. त्या दिवसातलं माझं चांगलं वागणं म्हणाल तर तेवढंच.

कोंडीबा धनगरी ओव्या गाणारा होता. जत्रेत देवापुढे बसून थोडं गायचं, थोडं सांगायचं, अशी ती कथा तासन्‌तास चालते. एक जण सांगतो आणि दुसरा त्याला झील देतो, म्हणजे सांगणाऱ्याचे शेवटचे शब्द उचलून परत म्हणतो. कोंडीबाकडे बऱ्याच कथा होत्या. त्या इतरांनाही येत. एक मात्र त्याच्या घराण्याची होती, बापानं त्याला दिलेली, ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती. दुष्काळ पडलाय, वस्तीतली माणसं तापानं अंथरुणाला खिळलीत, आणि हरणाबाई नावाची एकटी बाई वस्तीच्या मेंढ्या घेऊन पाण्यासाठी कृष्णाकाठाकडे निघते. ती परत येते तिथे कथा संपते. चाळीस वर्षं दादासो नावाचा त्याचा जोडीदार या कथेला झील देत होता. दादासो कोरोनात गेला आणि त्यानंतर कोंडीबानं ही कथा एकदाही सांगितली नव्हती. रविराजला शिकवायचा प्रयत्न केला होता, पण पोरगा कोइमतूरला गेला तो गेलाच. गोष्ट म्हाताऱ्याच्या पोटात पडून राहिली आणि आता गळाच जायची वेळ आली होती.

मी नेहमीसारखा सराव दिला. 'न विसरता येणारा दिवस', वीस मिनिटं, कुणीही बोलायचं नाही. मायानं दोन ओळी लिहिल्या आणि मग कागद फाटेपर्यंत पेन दाबून त्या खोडल्या. मी तिची वही उचलून सगळ्यांना दाखवली. “बघा. इतक्या जणांत ही एकटीच गाळायला शिकलीय.” ती मान खाली घालून बसली. मला वाटलं, लाजली.

कोंडीबा नुसताच बसून होता. “तुमचं काय?” मी विचारलं.

“सर, व्हय म्हनाया कोन हाय?”

मागे कुणीतरी हसलं. मी त्याला समजावलं की लिहिणारा माणूस एकटा असतो, एकांतातच गोष्ट उमटते वगैरे. हे मी दर वर्षी सांगतो. त्यानं ते अदबीनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आसंल. पर येकट्याला मला ती दिसतच न्हाई.”

“फोनवर रेकॉर्ड करा.”

“केलं, सर,” माया म्हणाली. “फोनफुडं तीन वाक्यं बोलत्यात आन थांबत्यात. म्हनत्यात, ह्यो व्हय म्हनत न्हाई.”

आता माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढी आठ सूत्रं छापून घेतलेला माणूस मी, आणि याला हवा होता मान डोलावणारा. “ठीक आहे,” मी म्हणालो. “वर्ग सुटल्यावर थांबा. मी म्हणतो व्हय.”

असे आम्ही तिघं बसलो. कोंडीबा सांगणार, माया लिहिणार, मी झील देणार. कोंडीबानं मफलर सैल केला, डोळे मिटले आणि सुरुवात केली, आणि खरं सांगतो, त्या घोगऱ्या आवाजानंही वर्गाच्या भिंती गेल्या आणि समोर नुसता करपलेला माळ उभा राहिला. पण मास्तर जाता जात नाही. “हरनाबाई उठली, काठी घेतली,” असं म्हणून तो थांबायचा. मी 'काठी घेतली' असं परत म्हणावं म्हणून थांबायचा. ते शब्द कानावर परत आले की त्यांना धरून पुढची ओळ यायची, चाळीस वर्षं तशीच येत आली होती. मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटायचं म्हातारा रेंगाळतोय. मी म्हणायचो, “झालं ते. पुढे चला.” तो दचकायचा, इकडेतिकडे बघायचा आणि कुठूनतरी पुढून धागा उचलायचा. मधलं काय सुटलं ते त्यालाही सांगता यायचं नाही.

दुसऱ्या रविवारी हरणाबाईची निघायची वेळ आली. कोंडीबा ताठ बसला, त्यानं उजव्या हाताचं बोट वर केलं आणि त्याचा आवाज एकाएकी साफ झाला.

“ढवळी,” तो म्हणाला आणि थांबला.

“बरं,” मी म्हणालो.

“भुरी.” परत थांबला. “टिकली.”

मायाचं पेन चाललं होतं. मी घड्याळ बघितलं. सव्वाचार. पाचला त्यांची एसटी, आणि हातात दोनच रविवार. “अशा आहेत तरी किती?”

“सत्तावीस आन—”

“माया, 'सत्तावीस मेंढ्या' एवढंच लिही. ही तीन नावं खोड. वाचकाला याद्या नको असतात.”

मायानं म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याचं बोट अजून वरच होतं. “सर, नावं झाल्याबिगर ती निघत न्हाई,” तो म्हणाला.

“निघू दे आता,” मी म्हणालो, “पाऊस यायची वाट बघतेय का ती?”

मायानं नावं खोडली. कोंडीबानं बोट खाली घेतलं, थोडा वेळ पाणी प्यायला आणि एकदम कृष्णाकाठ सांगायला लागला. 'सत्तावीस आन' एवढं बोलून तो थांबला होता, हे मला तेव्हा ऐकूही आलं नाही.

तिसऱ्या रविवारी आवाज निम्म्यावर आला होता. चौथ्या रविवारी तो कुजबुजतच सांगत होता. मी आणि माया त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन बसलो होतो. हरणाबाई परतून वस्तीच्या शिवेवर आली आणि तिथे आवाज संपला. मी म्हणालो, “शेवट थोडक्यात सांगा. आम्ही जुळवतो.”

त्यानं जीव एकवटला. “ती नावं घेती. येकेक येती. शेवटलं नाव घेती, आन ते येत न्हाई.”

“कोणती मेंढी येत नाही?”

तो माझ्याकडे बघत राहिला. बोलला नाही, मान हलवली नाही. मला वाटलं, दम संपला. त्याच्या पाठीवरून हात फिरवून मी त्यांना एसटीत बसवून दिलं.

शेवट मी लिहिला. 'तिने सत्तावीस मेंढ्यांना हाका मारल्या. शेवटची मेंढी आली नाही. हरणाबाई माळाकडे बघत राहिली.' तीन वाक्यं, एक शब्द जास्त नाही. माझ्यावर मीच खूश झालो.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. दहा दिवसांनी मी रहिमतपूरहून गाडी पकडून मिरजेला गेलो. टाइप केलेले कागद पिशवीत होते. दुपारची भेटायची वेळ. कोंडीबा उशीला टेकून बसला होता, गळ्यात भोक, नाकात नळी. मला बघून त्यानं हात जोडले. मी मायाला म्हणालो, वाचून दाखव, त्यांना बरं वाटेल.

माया वाचायला लागली. दुसऱ्याच ओळीला टक्‌ असा आवाज आला. म्हाताऱ्याच्या बोटात चांदीची अंगठी होती, ती त्यानं पलंगाच्या लोखंडी कठड्यावर वाजवली होती. पुढच्या ओळीला पुन्हा टक्‌.

“आबा झील देत्यात,” माया म्हणाली आणि आवाज मोठा करून पुढे वाचायला लागली. शेजारच्या पलंगावरचे लोकसुद्धा ऐकायला लागले. तासभर ती वाचत होती आणि अंगठी वाजत होती. मला वाटलं, जमलं. मरणाच्या दारातून एक गोष्ट ओढून आणली आपण.

मग शेवट आला. 'शेवटची मेंढी आली नाही.' अंगठी वाजली नाही. कोंडीबानं मायाच्या हातातला कागद हिसकावला आणि जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. मग त्यानं पलंगाच्या कडेला हात खाली नेला, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर तळवा धरला आणि हवेतच, कुणाच्या केसांवरून फिरवावा तसा, तो हात फिरवला.

“पोर?” माया म्हणाली. “आबा, हरनाबाईसंगं पोर हुती?”

त्यानं डोळे मिटून मान डोलावली.

हळूहळू, खुणांनी, सगळं बाहेर आलं. हरणाबाईबरोबर तिची लहान मुलगी होती. सत्तावीस मेंढ्यांची नावं घेऊन झाली की शेवटी तिचं नाव यायचं. जाताना एकदा आणि येताना एकदा. ती वाटेत कुठे राहिली, कशानं गेली, कथा सांगत नाही. आई पूर्ण वाटभर मेंढ्यांचंच बोलते. सबंध कथेत पोरीचा दुसरा उल्लेख नाही. ती फक्त यादीत होती, आणि यादी मी गाळली होती.

“नाव काय तिचं?” मी विचारलं. “कोंडीबा, नाव?”

तो सरसावून बसला. पुटपुटला नाही. माळावरून लांबच्या कळपाला साद घालतात तसं तोंड मोठ्ठं उघडलं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि गळ्यातल्या भोकातून फस्सकन हवा आली. चादरीवर कफ उडाला. त्यानं पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच. नर्सबाई धावत आल्या आणि आम्हाला दोघांना झापलं, ते योग्यच होतं.

“आबा, नुसतं वठानं सांगा,” माया रडत म्हणाली. त्यानं नाही म्हणून मान हलवली. तोंडापाशी हात नेऊन तो लांब खिडकीबाहेर फेकल्यासारखा केला. हाक मारायची असते. कुजबुजून घ्यायचं नाव नव्हे ते. मग तो भिंतीकडे तोंड करून निजला.

एकतीस वर्षांत मी एकाही मुलाची माफी मागितली नव्हती. त्या वॉर्डात दहा लोकांसमोर मी त्या माणसाचे पाय धरले. “यादी मी गाळली,” मी म्हणालो. त्यानं वळून बघितलं नाही. थोड्या वेळानं कठड्यावर एकदा अंगठी वाजली. त्यानं माफ केलं, की मी बोललो म्हणून सवयीनं झील दिली, ते मला कळलं नाही.

पुढचे महिने मी माणसात नव्हतो. कार्यशाळा बंद केली. शेकाची, म्हणजे रेडिएशनची, ट्रीटमेंट संपवून कोंडीबा घरी आला, तेव्हापासून मी दर आठवड्याला म्हसवडला जायचो. मेंढ्यांची नावं त्यानं ओठांनी सांगितली. माया त्याच्या तोंडाकडे बघून एकेक ओळखायची, बरोबर आलं की अंगठी वाजायची. लांडी, मोरी, चांदणी, बांडी. सत्तावीसच्या सत्तावीस मिळाल्या. अठ्ठाविसाव्याला तो तोंड मिटायचा. मायानं दोनदा हट्ट धरला, दोन्ही वेळा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि भोकातून श्वास कोंडल्यासारखा यायला लागला. त्यानंतर तिनं विचारलं नाही. अंगठाबहाद्दर माणूस, लिहून दाखवायचा प्रश्नच नव्हता.

ऑगस्टात खोकला सुरू झाला. मिरजेच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि गाठ छातीत उतरलीय म्हणून सांगितलं. आता घरीच ठेवा, म्हणाले.

तेव्हा मी खरा पिसाळलो. चाळीस वर्षं शेकडो लोकांनी ही कथा ऐकलीय, एकाला तरी ते नाव आठवत असेलच! मी मायाला घेऊन वस्त्या पालथ्या घालायला निघालो.

पहिली धोंडुबाई, दादासोची विधवा. झील देणाऱ्याची बायको, तिला ठाऊक नसेल तर कुणाला? ती दारात शेंगा फोडत बसली होती. “जाताना हरेक नावाला 'हाय' म्हनायचं,” ती म्हणाली. “येताना हरेक नावाला 'आली'. शेवटल्या नावाला मातुर दोनीबी येळा आमचं मालक गप ऱ्हायचं. मान सुदिक हलवायची न्हाई. तितं समदी मान्सं रडायची, सर.”

“ते नाव काय होतं, धोंडुबाई?”

“ठकी,” ती म्हणाली. जराही थांबली नाही.

मी ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. खात्रीसाठी म्हणून पुढच्या वस्तीवर गेलो. तिथला म्हातारा म्हणाला, गंगी. अगदी छातीवर हात ठेवून म्हणाला. त्याच्या भावजयीनं सांगितलं, सुंदरा. आणखी एकीनं नकुशी. माझं डोकं फिरायची वेळ आली. शेवटी म्हसवडात पीरमहंमद भेटले. लोकर विकत घेणारे, दर जत्रेला कोंडीबाच्या समोर पहिल्या ओळीत बसणारे. पांढरीशुभ्र दाढी, बोलणं शांत.

“जैनब,” ते म्हणाले.

मी हसलो. थकव्यानं हसलो, पण हसलो. “चाचा, धनगराच्या ओवीत जैनब कुठून येणार?”

“ते मला नाही माहीत, सर,” ते म्हणाले. “मी ऐकलंय. दर साली ऐकलंय.”

परत येताना रस्त्यावर माया म्हणाली, “जैनब त्यांची ल्येक. सा वर्साची हुती, पान लागलं.” पान लागलं म्हणजे साप चावला. थोडं चालून गेल्यावर पुन्हा म्हणाली, “आन ठकी धोंडुआत्याची थोरली. हिरीत पडली हुती.”

मी तिथेच वाटेत उभा राहिलो. बाकीच्या तिघांचं मी विचारलं नाही. विचारायची गरज राहिली नव्हती. त्या जागी दादासो गप्प बसायचा, कोंडीबानं घेतलेलं नाव कुणी परत म्हणायचं नाही, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला आपापलं नाव ऐकू यायचं. हरणाबाईच्या पोरीचं नाव कुणापाशीच उरलं नव्हतं. ते एकट्या कोंडीबापाशी होतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी आम्ही त्याच्या खाटेपाशी बसलो. हाडं तेवढी राहिली होती. अंगठी बोटात राहीना म्हणून मायानं तिला दोरा गुंडाळला होता. मी सरळच म्हणालो, “कोंडीबा, पाच नावं आणलीत. बरोबर असेल त्याला मान डोलवा, माझ्यावर एवढी दया करा.” त्यानं मायाकडे बोट केलं. आधी वाच.

माया परतीपासून वाचायला लागली. हरणाबाई शिवेवर आली. ढवळी, टक्‌. भुरी, टक्‌. टिकली, टक्‌. दर नावाला अंगठी वाजत होती, हलकीच, पण चुकत नव्हती. सत्तावीस झाल्या. त्यानं बोट वर केलं, त्या दुसऱ्या रविवारी केलं होतं तसंच. मी मायाच्या हातात माझा कागद दिला.

“ठकी.”

बोट वरच राहिलं.

“गंगी.” वरच. “सुंदरा.” वरच. “नकुशी. जैनब.”

अंगठी वाजली नाही. पण त्यानं नाही म्हणूनही मान हलवली नाही. डोळे मिटलेले, दोन्ही कडांनी पाणी वाहत होतं. “कुठलं?” मी म्हणालो. “कोंडीबा, यातलं कुठलं?” मी बहुतेक ओरडलो, कारण बाहेर बांधलेलं कुत्रं भुंकायला लागलं. आणि मग मला धोंडुबाईचं बोलणं आठवलं. त्या नावाला झील देणारा गप्प राहतो, मान सुद्धा हलवत नाही. नाव चुकीचं असेल तरी तो गप्प राहणार होता आणि बरोबर असेल तरी गप्पच.

मायानं कागद खाली ठेवला नव्हता. ती त्याच्याकडे बघत होती. मग तिनं कागदावर नसलेलं एक नाव घेतलं.

“ईश्वरी.”

कोंडीबानं डोळे उघडले आणि सुनेकडे बघितलं. बोट वरच होतं. अंगठी वाजली नाही.

माया म्हणाली, “माझी. आठ म्हैन्यांची हुती.” तेव्हा मला पहिल्या रविवारच्या तिच्या वहीतल्या त्या दोन ओळी आठवल्या, कागद फाटेपर्यंत खोडलेल्या, आणि ती वही वर धरून मी वर्गाला काय म्हणालो होतो तेही.

पाचव्या दिवशी कोंडीबा गेला. रविराज कोइमतूरहून येईपर्यंत अंत्यविधी थांबवून ठेवला होता. मी गर्दीत मागे उभा होतो.

गोष्ट आता कागदावर आली आहे, फलकावर म्हटलं होतं तशी. मायानं आणि मी ती पुन्हा पहिल्यापासून उतरवली. माझ्या घाईत जे मधे मधे सुटलं ते सुटलंच. पण 'काठी घेतली' दोन्ही वेळा आहे. सत्तावीस मेंढ्या निघताना आहेत आणि परतताना आहेत. त्यांच्याखाली सहा मुलींची नावं आहेत, एकाखाली एक. त्यांत हरणाबाईची पोर आहे की नाही, मला माहीत नाही. ते सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो सांगत होता तेव्हा मी घड्याळ बघितलं.